पोटातली टिटवी

नोकरीला लागून पुरता महिना झाला नव्हता, आणि मी मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळाचा आख्खा मजला रिकामा करायला लावला. आग नव्हती, पूर नव्हता. माझ्या हातात किरणं मोजायचं यंत्र होतं आणि मी जाईन तिथे ते कडकडत होतं. इंजेक्शनच्या खोलीत कडकड, व्हरांड्यात कडकड, कँटीनच्या दारात कडकड. औषध सांडलंय आणि सगळीकडे पसरलंय, असं मी ठरवून टाकलं. पेशंट जिन्यावर काढले. कुणाचा तरी भेंडीच्या भाजीचा डबा पिशवीत बांधून शिशाच्या पेटीत टाकला. आमचे शिपाई कदममामा मध्ये आले, तर यंत्र त्यांच्या पोटापुढे धरून, "मामा, तुम्ही किरणोत्सारी झालात," असं जाहीर केलं. मामा मटकन बाकावर बसले आणि गावची जमीन कुणाच्या नावावर करायची ते सांगायला लागले.

शेवटी आमच्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी मला डोक्यापासून खालपर्यंत न्याहाळलं, पायाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "चप्पल काढ."

चप्पल काढून चार पावलं लांब गेले. यंत्र गप्प. औषधाचा एक थेंब माझ्या उजव्या चपलेच्या तळाला लागला होता आणि तो मीच मजलाभर हिंडवत होते.

ती पोरगी आज मला भेटली असती तर कान पिरगळला असता तिचा. दोन वेण्या, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, आणि चेहऱ्यावर असा भाव की भारताचं अणुयुग हिच्याच परवानगीसाठी अडून बसलंय. पण त्या दिवशी एक धडा मी मनात कोरून घेतला: यंत्र ओरडलं म्हणून धावत सुटायचं नाही, आधी खोटा आवाज कुठून येतोय ते शोधायचं. हा धडा मी इतका घोटला, इतका घोटला, की म्हातारपणी तोच अंगाशी आला. एका माणसाच्या उघड्या पोटाशी उभी असताना.

आधी धंदा सांगते, कारण माझ्या सुनेच्या माहेरचे लोक अजून समजतात की मी एक्स-रे काढायची. एक्स-रेत किरणं बाहेरून आत जातात. आमच्याकडे उलटं. पेशंटच्या शिरेत आम्ही किंचित किरणोत्सारी औषध सोडतो, ते जिथे जाऊन बसायचं तिथे बसतं, आणि तिथून किरणं बाहेर येतात. आम्ही बाहेर बसून बघतो. औषधाला हवा तो पत्ता द्यायचा, ही सगळी कला.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कॅन्सर झाला तर बऱ्याचदा ती काढून टाकतात. पण कधीकधी काही वर्षांनी रक्ताच्या तपासणीतला आकडा परत चढायला लागतो. म्हणजे कुठेतरी बी राहिलेलं असतं. पुष्कळदा ते ओटीपोटातल्या एखाद्या लसिका-गाठीत असतं. या गाठी म्हणजे शरीरातल्या गाळण्या. जाता-येता अडकलेलं तिथे साचतं. मोठ्या स्कॅनमध्ये अशी गाठ ठिपक्यासारखी दिसते. पण चित्रात दिसणं आणि पोटात सापडणं यात फार अंतर. एकदा शस्त्रक्रिया झालेलं ओटीपोट आतून म्हणजे चिकटलेली, आवळलेली, सगळी एकाच रंगाची जागा. त्यात वालाच्या दाण्याएवढी गाठ शोधायची, तीही रक्तवाहिन्यांना खेटून.

म्हणून आदल्या दिवशी औषध टोचायचं. ते कॅन्सरच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं. दुसऱ्या दिवशी सर्जन पोट उघडतात आणि पेनासारखी एक कांडी आत फिरवतात. गाठ जवळ आली की कांडी वाजते. टिप्... टिप्... टिप्टिप्टिप्. काढलेला तुकडा बाजूच्या टेबलावर नेऊन परत कांडीपुढे धरायचा. तिथे वाजला तर नेमका निघाला. आकड्यांकडे बघून हो-नाही सांगायला कांडीच्या पेटीपाशी उभी असायची ती मी.

निवृत्त होऊन कर्जतला मुलाकडे राहायला आले तेव्हा आता मेथी निवडायची आणि नातवंडांना बिघडवायचं, एवढाच बेत होता. पण खालापूरच्या बाजूला हायवेलगत एक नवं इस्पितळ झालं. त्यांनी कांडी घेतली, आणि ती वाजवणारं माणूस मिळेना. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. "आठवड्यातून दोन दिवस या, आजी," म्हणाले. आजी म्हणाले म्हणून नाही म्हणणार होते, पण नातवंडं तोवर पुरेशी बिघडली होती.

आमचं औषध मुंबईहून गाडीने यायचं. त्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. लोकांना हे पटत नाही, तेव्हा मी बर्फाचं सांगते: खोपोलीहून बर्फाची लादी निघाली आणि घाटात ट्रेलर आडवा झाला, तर शेवटी गिऱ्हाइकाला पाणीच मिळणार. एकदा गाडी चौक गावाच्या अलीकडे अडकून पडली. ड्रायव्हर फोनवर म्हणतोय, "ताई, इथं लोकं खाली उतरून वडापाव खातायत." मी घड्याळाकडे बघत औषधाचं गणित परत परत मांडतेय, आणि बाहेर पेशंट विचारतोय, "मी पण खाऊन येऊ का वडापाव?"

पेशंटांच्याही तऱ्हा. इंजेक्शननंतर एक दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहायचं, असं आम्ही सांगतो. कुंभिवलीचा एक ढाबेवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, कागदावर एकाचे आठ दिवस करा ना. आन् खाली लिवा, सासू पन चालत नाय."

तर दत्तूभाऊ. कशेळ्याचे. कर्जत-मुरबाड रस्त्यावर उभी हयात जीप चालवली. वाडीवरची माणसं, कोंबड्या, भाताची पोती, सगळं त्यांच्या जीपमधून बाजाराला आलं-गेलं. प्रोस्टेट आधीच काढलेली. नंतर आकडा शून्याशी टेकून राहिला आणि मग हळूहळू चढू लागला. मोठ्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूला एकच ठिपका. बाकी सगळं स्वच्छ. सर्जन डॉ. केदार, वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे, त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं होतं: "एकच गाठ आहे. ती मिळाली तर पुढची औषधं बरीच लांबवता येतील, कदाचित लागणारही नाहीत. खात्री देत नाही. आणि नाही मिळाली तर पोट उघडल्याचा त्रास फुकट."

दत्तूभाऊंना नकोच होतं. त्यांची बायको, हिरावहिनी, तिने आणलं त्यांना. इंजेक्शनच्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "बाई, त्यांना टोचा. पळाले तर मी हाय हितं."

टोचता टोचता मी त्यांना कांडीचं सांगितलं. गाठ आली की ओरडते.

"म्हंजे टिटवी," दत्तूभाऊ म्हणाले.

"हो, टिटवीच."

"मंग अवघड हाय, ताई. टिटवी अंडी असतात तिथं वरडतच नाय. लांब जाऊन वरडते. मानसाला फशिवते. आमी ल्हानपनी अंडी हुडकायचो ना, ती वरडंल तिथनं उलटं जायाचं."

"अवो, गप बसा," हिरावहिनी दारातून म्हणाली. "ती सुई आत हाय अजून."

आम्ही तिघंही हसलो. मी ते बोलणं विसरून गेले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तूभाऊंचं ब्लडप्रेशर चढलं. भूलतज्ज्ञ डॉ. शबाना म्हणाल्या, उतरेपर्यंत भूल नाही. आम्ही थांबलो. मी बसल्या बसल्या बर्फ वितळताना बघत होते. शेवटी त्यांना आत घेतलं, तेव्हा आदल्या दिवशीच्या औषधाचा फार थोडा अंश शिल्लक होता. म्हणजे कांडी वाजणार, पण हळू.

पोट उघडलं. चिकटलेलं सगळं मोकळं करायलाच बराच वेळ गेला. मग डॉ. केदारनी निर्जंतुक पिशवीत घातलेली कांडी आत घातली. उजवीकडे, मोठ्या रक्तवाहिनीच्या बाजूला, टिप्... टिप्. अगदीच मंद. तिथे त्यांच्या बोटाला एक कडक गुठळी लागली.

"इथे आहे काहीतरी," ते म्हणाले. कांडी बोटभर आत सरकवली, आणि ती एकदम जोरात वाजायला लागली. "आणि इथे जास्त. ताई?"

आता हे ऐका. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी एक बारीक नळी असते. आमचं औषध लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणून ती नळी, मूत्राशय, टेबलाला टांगलेली लघवीची पिशवी, ही सगळी वाजतात, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. कांडी जिथे जोरात वाजली, तिथून ती नळी जात होती. मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातली ती चप्पल आठवली. आदल्या दिवशीची टिटवी आठवली. मी जरासुद्धा अडखळले नाही.

"ती लघवी आहे, सर," मी म्हटलं. "तो आवाज सोडा. गुठळी घ्या."

इतक्या थाटात म्हटलं की कुणी दुसरं विचारलंच नाही. डॉ. केदारनी गुठळी जपून सोडवली. रक्तवाहिनीला खेटलेली होती, मध्येच एका ठिकाणी रक्त भळभळलं, ते दाबून धरावं लागलं. गुठळी निघाली. सिस्टरने ती वाटीत घालून बाजूच्या टेबलावर आणली. मी कांडी तिच्यापुढे धरली.

काही नाही.

फिरवून धरली. उलटी करून धरली. कांडी मेल्यासारखी गप्प.

"ताई?"

"गप्प आहे, सर."

"यंत्र?"

तपासायला आमच्याकडे एक छोटी किरणोत्सारी चकती असते. ती पुढे धरली. कांडी खणखणीत वाजली. यंत्र ठीक होतं. वाटीतली गुठळी म्हणजे जुन्या शस्त्रक्रियेचा नुसता वण होता. एवढं रक्त, एवढा वेळ, आणि वण.

डॉ. केदारनी परत कांडी आत घातली. जिथून गुठळी काढली तिथे जवळजवळ शांतता. आणि बोटभर आत, नळीपाशी, तोच आवाज. मी सोडायला सांगितलेला.

"ही लघवीच असेल तर आपण संपलो," ते म्हणाले. "आणि नसेल तर गाठ नळीच्या मागे आहे. नळी सोडवून मागे जावं लागेल. नळीला इजा झाली तर त्यांचं मूत्रपिंड धोक्यात. नुसत्या अंदाजावर मी तिथे जाणार नाही. ताई, लघवी की गाठ?"

मघाशी 'लघवी' म्हणाले होते. आता 'गाठ' म्हणायला काहीही नवं हातात नव्हतं, फक्त वाटीतला तो वण. तरीसुद्धा मान ताठ ठेवून काहीतरी ठोकून द्यावं, असं क्षणभर वाटलं. इतक्या वर्षांची सवय. पण तोंडून निघालं, "सर, मला सांगता येत नाही."

हे वाक्य उभ्या नोकरीत मी एकदा तरी म्हटलं असेल, असं मला आठवत नाही.

"मग धुऊन बघू या," डोक्याच्या बाजूने डॉ. शबाना म्हणाल्या. "मी सलाईन वाढवते आणि लघवी उतरवणारं इंजेक्शन देते. लघवी असेल तर वाहून जाईल, आवाज पडेल. गाठ असेल तर गाठ कुठे जाणार आहे?"

"प्रेशर?"

"ते माझ्याकडे सोपवा. पण फार वेळ नाही देणार."

म्हणजे उघड्या पोटाशी नुसतं उभं राहायचं. सलाईन वाहायला लागलं. डॉ. केदारनी ओल्या फडक्याने आतलं झाकलं आणि हात छातीशी धरून उभे राहिले. लघवीची पिशवी फुगू लागली. मी ती लांब न्यायला लावली, नाही तर तीच टिपटिपायची. माझे पाय दुखत होते, आणि मी त्यांना मनातल्या मनात सांगत होते की आज तुमचा काही दोष नाही, आज वरच्या मजल्यावर गडबड आहे. खरं सांगायचं तर हसू येत नव्हतं. समोर फडक्याखाली झाकलेला तो माणूस मी सांगितलं म्हणून जास्त रक्त सांडून बसला होता. आवाज पडला, तर ठिपका कुठे आहे ते आज कुणालाच कळणार नव्हतं. पोट शिवून बाहेर हिरावहिनीला सांगायचं होतं. आवाज राहिला, तर मी खऱ्या गाठीला खोटी म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, मला चुकीची ठरव.

"बघा आता," डॉ. शबाना म्हणाल्या.

फडकं काढलं. कांडी आधी नळीवर, वरच्या बाजूला धरली. मघाशी इथेही वाजत होती. आता जवळजवळ काही नाही. लघवी वाहून गेली होती. कांडी नळीवरून खाली खाली सरकत आली. शांत. शांत. आणि मग त्याच जागी टिप्टिप्टिप्. जराही न पडलेला आवाज.

"गाठ," मी म्हटलं. माझा आवाज मात्र पडला होता.

डॉ. केदारनी नळीभोवती मऊ फीत घातली आणि ती केसासारखी जपून बाजूला घेतली. मागे पडदा, मागे चरबी, तिच्याखाली निळी नस. कांडी तिरकी धरून ते इंच इंच जात होते, आणि मी फक्त "वाढतोय... वाढतोय... कमी... मागे या... वाढतोय," एवढंच म्हणत होते. नसेच्या अंगावर बसलेलं काहीतरी त्यांनी चिमट्यात धरलं. कातरीचा बारीक आवाज. वाटी माझ्यापुढे आली. आत खरोखर वालाच्या दाण्याएवढं काहीतरी, पिवळट, बघून कुणी फेकून दिलं असतं असं.

मी कांडी जवळ नेली. वाटी ओरडली.

आत परत कांडी फिरवली. सगळीकडे शांतता. डॉ. शबाना म्हणाल्या, "आता चला, आवरा." बस, एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी मला काही बोललंही नाही, आणि ते जास्त लागलं. बाहेर आल्यावर डॉ. केदार हात धुता धुता म्हणाले, "मी विचारायला हवं होतं, कशावरून लघवी म्हणून. पुढच्या वेळी आधी धुऊ, मग बोलू." चूक त्यांनी निम्मी उचलून घेतली, पण वजन काही निम्मं झालं नाही.

तपासणीत ती गाठ कॅन्सरचीच निघाली. पुढे काही आठवड्यांनी दत्तूभाऊ रक्ताच्या तपासणीचा निकाल घ्यायला आले. आकडा चांगला खाली आला होता. परत चढणारच नाही असं कुणी म्हणत नव्हतं, पण त्या दिवशी खाली होता. हिरावहिनीने पिशवीतून घरच्या तांदळाच्या पापड्या काढल्या. डॉ. केदारना एक पुडी, डॉ. शबानांना एक आणि मला दोन. "तुमच्या कांडीनं हुडाकलं," म्हणाली.

त्या दोन पुड्या काही माझ्याने घेववेनात. बाहेर बाकावर दत्तूभाऊंशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं: कांडी पहिल्यांदाच बरोबर ओरडली होती, मीच ती लघवी म्हणून सोडायला लावली, त्यापायी भलतीच गुठळी काढली, जास्त रक्त गेलं, जास्त वेळ तुम्ही भुलीखाली राहिलात. त्यांच्या टिटवीचंही सांगितलं.

हिरावहिनी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तरी मी म्हनत व्हते, सुई आत असताना तोंड चालवू नका."

समोर पार्किंगमध्ये एका जीपला टेकून त्यांच्यासारख्याच तोंडवळ्याचा एक माणूस उभा होता. दत्तूभाऊंनी हनुवटीने तिकडे दाखवलं आणि म्हणाले,

"माज्या जीपवर काचा पुसायला किन्नर म्हनून पन ठेवलं नसतं तुमाला, ताई. पन तो माजा भाव हाय, त्याला बी ह्योच रोग निघालाय. त्याच्या वक्ताला तुमीच उभ्या ऱ्हावा. नवा मानूस आला तर त्याची ही चूक आमच्याच पोटात व्हायाची. तुमची तर होऊन गेली."